जुनी पिकअप : सहा दिवस धंदा, सातव्या दिवशी चिखल



मागच्या महिन्यात सेकंड-हँड गाडी घेऊन धंदा सुरू करण्यावर व्हिडिओ केला. त्याखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला. "सर, जुनी फोर बाय फोर पिकअप घ्यायचीय. आठवडाभर माल वाहायचा आणि रविवारी मित्रांबरोबर ऑफ-रोडिंगला जायचं. मॉडिफिकेशनला किती खर्च ठेवू?"

प्रश्न चांगला आहे. पण "किती" हे नंतर येतं. आधी "कशावर" आणि "कोणत्या क्रमाने" हे ठरवावं लागतं. आजचा धडा त्या क्रमाचा आहे. हा क्रम मी पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. उलटा क्रम लावून एक पावसाळा घालवला, त्यातून शिकलोय. म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

माझा उलटा क्रम

ट्रेनिंगमध्ये येण्याआधी मी नर्सरीची रोपं पोचवायचं काम करायचो. भोर, वेल्हे, मुळशी हा पट्टा. फार्महाऊसवाले, शेतकरी, रिसॉर्टचे प्लॉट. गाडी होती नऊ वर्षं जुनी बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर. पुढे पाच जणांची केबिन, मागे हौदा. घेताना स्वतःला सांगितलं की धंद्यासाठी घेतोय. खरं म्हणजे डोक्यात चिखलाचे व्हिडिओ होते.

पहिल्या दोन महिन्यांत मी काय केलं? समोर लोखंडी बंपर लावला. केबिनवर लाईट बार. मोठे खडबडीत टायर. मागे दोन-दोन जादा पाटे टाकून गाडी उंच केली. गाडी अशी दिसायची की गावात पोरं फोटो काढायची. खिशातले पैसे मात्र संपले. ब्रेक, रेडिएटर, हौदा, या सगळ्याला "पुढच्या महिन्यात बघू."

जूनमध्ये रोपांचा सीझन सुरू झाला. एका दुपारी हौदा भरून घाट उतरत होतो. पाऊस बारीक होता. तिसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पाचव्या वळणावर ते जवळजवळ तळाला लागलं आणि जळका वास आला. शेजारी माझा मदतनीस बसला होता, एकोणीस वर्षांचा पोरगा. मी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढत ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. गाडी घासली, आम्ही दोघं वाचलो. त्या पोराने नंतर दहा मिनिटं एक शब्द काढला नाही. मला आजही ती शांतता आठवते.

ज्या मामांनी गाडी खोलली, त्यांनी मला खाली वाकायला लावलं. मागच्या एक्सलजवळची एक बारीक दांडी दाखवली. म्हणाले, "अरे, ही दांडी गाडी किती बसलीय ते बघते. माल भरला की गाडी खाली बसते, दांडी सरकते, मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जातं. तू गाडी वर उचललीस. आता हौदा भरला तरी तिला वाटतं गाडी रिकामीच आहे. सगळा भार पुढच्या ब्रेकवर. जळणार नाही तर काय?"

त्या दांडीच्या जोडीला असतो तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. अनेक पिकअपना असतो. मला तेव्हा त्याचं नावही माहीत नव्हतं. आणि मी गाडी उचलून घेतली होती!

त्याच महिन्यात फिटनेस होती. बंपर आणि टायर बघून गाडी परत पाठवली. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. सगळं काढून, जुनं लावून पुन्हा नंबर लागेपर्यंत अकरा दिवस गाडी उभी. रोपांच्या धंद्यात जूनचे अकरा दिवस म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच कळेल. दोन कायमची गिऱ्हाइकं त्या अकरा दिवसांत दुसऱ्याकडे गेली, ती परत आली नाहीत.

क्रम लक्षात ठेवा

हे वहीत लिहून घ्या. गाडी आधी थांबली पाहिजे. मग चालली पाहिजे. मग कमावली पाहिजे. मग चढली पाहिजे. आणि सगळ्यात शेवटी दिसली पाहिजे.

आणि प्रत्येक वस्तू घेताना एक कसोटी लावा. मी तिला सोमवारची कसोटी म्हणतो. "ही वस्तू मला सोमवारी सकाळी कामावर उपयोगी पडेल का?" उत्तर हो असेल तर ती यादीत वर. फक्त रविवारी उपयोगी असेल तर यादीत खाली, आणि तिचे पैसे धंद्यातून काढायचे नाहीत.

तुम्हाला वाटेल सर मजा मारून टाकतायत. तसं नाही. चांगले ब्रेक, चांगले टायर, मजबूत हूक, थंड राहणारं इंजिन, हे सोमवारीही लागतं आणि रविवारीही. सुरुवातीचा सगळा पैसा या सामाईक वस्तूंवर टाका. दोन्ही कामं होतात.

पायरी १ : घेताना काय बघायचं

कागद आधी, इंजिन नंतर. आरसी, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, पर्यावरण कर, जुन्या लोनचा बोजा उतरवलाय का, थकलेली चलनं किती. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांची मिळते, त्यानंतर दरवर्षी करावी लागते. म्हणजे जुनी गाडी दर बारा महिन्यांनी परीक्षेला बसणार. पंधरा वर्षांच्या पुढच्या गाडीची फिटनेस फीही चांगलीच वाढलेली आहे. स्वस्तात मिळते म्हणून सोळा वर्षांची गाडी उचलण्याआधी हा हिशोब करा.

नंबर प्लेटचा रंग बघा. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीने भाड्याचा माल वाहता येत नाही. पिवळी प्लेट पाहिजे. दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळं परमिट लागत नाही. लायसन्सबद्दलही बरेच जण विचारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

मग गाडीखाली झोपा. हो, झोपाच. चेसिसवर वेल्डिंगचे डाग आहेत का, पाट्यांच्या शॅकलजवळ तडा आहे का, ते बॅटरीच्या उजेडात बघा. कोकणातली गाडी असेल तर गंज जास्त शोधा. ताजा काळा रंग मारलेला चेसिस दिसला तर खूश होऊ नका, हातोडीने हलकं ठोकून बघा. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेला चेसिस नाही.

फोर बाय फोर खरंच चालतंय का हे मातीच्या जागेवर तपासा. फोर हाय टाका, फोर लो टाका, पुढची चाकं ओढतात का ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. डांबरावर ही तपासणी करू नका. या गाड्यांमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल घट्ट जोडला जातो. वळताना चाकांना थोडं घसरायला जागा लागते. ती डांबरावर मिळत नाही आणि ताण ट्रान्सफर केसवर येतो.

पायरी २ : वजनाचा हिशोब

हा भाग बहुतेक जण सोडतात आणि इथेच पैसे जातात. आरसीवर दोन आकडे असतात. रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. उदाहरणासाठी धरा की एकूण २,७०० किलो आणि रिकामी १,७०० किलो. मधले १,००० किलो हे तुमचं दुकान. त्यातच ड्रायव्हर आणि मदतनीसही बसतात. दोघांचे १४० धरा. राहिले ८६०.

आता रविवारची हौस चढवा. पुढचा-मागचा लोखंडी बंपर ७० किलो. दोरासकट विंच ४० किलो. रोल बार ३५. छतावरचा कॅरिअर आणि त्यावर जादा स्टेपनी ४५. झाले १९० किलो. मालाला राहिले ६७०.

ओल्या मातीची रोपाची पिशवी चार किलोची धरली तर आधी २१५ पिशव्या जात होत्या, आता १६७. एका खेपेला ४८ पिशव्या कमी. पिशवीमागे ८ रुपये वाहतूक सुटत असेल तर खेपेला ३८४ रुपये गेले. महिन्याला २० खेपा असतील तर ७,६८० रुपये. हे पैसे कुणी तुमच्याकडे मागायला येत नाही, म्हणून ते गेलेले दिसत नाहीत. पण जातात.

"सर, मग थोडं जास्त भरू ना!" नको. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. आणि जादा पाटा टाकल्याने गाडीची क्षमता वाढते हा मोठा गैरसमज आहे. पाट्याने फक्त गाडी कमी बसते. एक्सल, ब्रेक, बेअरिंग, चेसिस तेच राहतात. आरसीवरचा आकडाही तोच राहतो.

पायरी ३ : कायद्याची रेघ

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जी गाडी बनवलीय, त्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा.

समोरचे बुल बार आणि क्रॅश गार्ड याच कलमाखाली येतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. कारण सरळ आहे. रस्त्यावरच्या माणसाला त्याने जास्त इजा होते, आणि टक्करीत गाडीचा पुढचा भाग जसा चेपायला हवा तसा चेपत नाही.

उघड्या हौद्याची बंद पेटी करणं, सीट वाढवणं, इंजिन बदलणं हे परस्पर करायचं नाही. आधी आरटीओत विचारा, परवानगी मिळत असेल तर लेखी घ्या, आरसीवर नोंद करा, आणि इन्शुरन्स कंपनीलाही कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या टेबलावर निघतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

माझा नियम सोपा आहे. जे नटबोल्टने लागतं आणि नटबोल्टने निघतं, ज्यासाठी चेसिस कापावा किंवा वेल्ड करावा लागत नाही, तेच आधी बघायचं. तरीही फिटनेस करून देणाऱ्या जाणत्या माणसाला आधी दाखवून घ्यायचं.

पायरी ४ : आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे

ब्रेक लायनर, व्हील सिलेंडर, होज पाइप, ब्रेक ऑइल. जुन्या गाडीत ब्रेक ऑइल बदलल्याचं कुणालाच आठवत नसतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच. मागच्या एक्सलची ती दांडी गंजून अडकली नाही ना, ते बघा.

मग कूलिंग. रेडिएटर साफ, पाइप नवे, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट. फोर लो मध्ये गाडी हळू चालते, इंजिन जोरात फिरतं, समोरून वारा मिळत नाही. रविवारी चढावर आणि सोमवारी भरलेल्या घाटात, दोन्हीकडे हीच परीक्षा आहे.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सलचं ऑइल. हे चार वेगवेगळे डबे आहेत. जुन्या गाडीत पुढच्या एक्सलचं ऑइल विसरलेलं असतं. काढल्यावर रंग बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

इंजिनची पॉवर वाढवणारी चिप वगैरे भानगड करू नका. जुनं डिझेल इंजिन टिकलंय ते त्याच्या मूळ सेटिंगवर. तुम्हाला पॉवर नकोय, रोज सकाळी सहाला सेल्फ मारल्यावर चालू होणारी गाडी हवीय.

पायरी ५ : हौदा, म्हणजे तुमचं दुकान

मित्रांनो, सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त परतावा इथे आहे आणि इथेच कुणी बघत नाही.

हौद्यात जाड रबरी मॅट टाका. क्रेट सरकत नाहीत, पत्रा खराब होत नाही, तळाला गंज कमी लागतो. माल बांधायला कडे नीट आहेत का बघा. जिथे नाहीत तिथे बोल्टने बसवा. नायलॉनच्या दोरीऐवजी रॅचेटचे पट्टे घ्या. फाळक्याचे बिजागर आणि खिट्टी दुरुस्त करा. चालत्या गाडीत फाळका उघडला तर मालही जातो आणि मागच्या दुचाकीवाल्याचा जीवही.

केबिनच्या पाठीला लागून हौद्यात एक कुलपाची पेटी ठेवा, काढता-घालता येणारी. त्यात जॅक, जॅकखाली ठेवायला लाकडाची फळी, पट्टे, हवेचा पंप, फावडं, पंक्चर किट, टॉर्च. ही पेटी सोमवारी शेतात अडकल्यावर कामाला येते आणि रविवारी नाल्यात अडकल्यावरही. पेटी नेहमी पुढे, केबिनजवळ. जड वजन मागच्या एक्सलच्या पुढे राहिलं पाहिजे. मागे टांगलं की स्टिअरिंग हलकं होतं.

आणि एक गोष्ट कायमची. हौद्यात माणसं बसवायची नाहीत. मजूर नाही, मित्र नाही, "सर फक्त दोन किलोमीटर" नाही. काही झालं तर इन्शुरन्स हात वर करेल, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती माणसं कुणाच्या तरी घरची आहेत.

पायरी ६ : आता चढू द्या

टायरपासून सुरुवात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या साइजमध्येच ऑल-टेरेन नक्षीचा टायर घ्या. घेताना लोड इंडेक्स बघा. बरेच रुबाबदार टायर कारच्या वजनासाठी असतात, मालासाठी नसतात.

मोठ्या साइजचा मोह का टाळायचा, तो हिशोब करून दाखवतो. समजा मूळ टायर २१५/७५ आर १५ आहे. त्याची उंची साधारण ७०४ मिलिमीटर. ३१ इंची टायर टाकला तर ७८७. जवळजवळ १२ टक्के मोठा. मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी ६७ ने पळत असेल. प्रत्येक गिअर १२ टक्के जड होईल, चढावर क्लच जळेल. आणि तेच ब्रेक आता मोठं चाक थांबवतील, म्हणजे तुम्हाला पेडल जास्त दाबावं लागेल. दिसायला चाक वाढलं, प्रत्यक्षात गाडी अशक्त झाली.

टायरच्या हवेत मात्र फुकटची जादू आहे. रिकाम्या गाडीची हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि मऊ मातीत पकड वाढते. पण डांबरावर येण्याआधी आणि माल भरण्याआधी हवा परत पूर्ण भरायची. कमी हवेवर भरलेली गाडी पळवली की टायर तापून फुटतो. म्हणून पेटीत पंप हवाच.

पुढे-मागे ओढायचे हूक. ते चेसिसला बसलेले असावेत, बंपरला नाही. ट्रॉलीच्या गोळ्याला दोर बांधून अडकलेली गाडी कधीच ओढायची नाही. तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो. दोर ताणलेला असताना कुणीही त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि दोराच्या मध्यावर जाड गोणपाट किंवा ताडपत्री टाकायची.

पाण्यातून जायचं असेल तर एक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर पाइप उंचावर घ्या. खर्च किरकोळ. तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. लोक स्नॉर्कल लावतात आणि ब्रीदर विसरतात. स्नॉर्कलने फक्त इंजिनच्या हवेची सोय होते. आणि पाणी एअर फिल्टरपर्यंत येईल इतकं खोल असेल तर माझा सल्ला एकच, गाडी वळवा. डिझेल इंजिनने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वर्षभराची कमाई दोन सेकंदांत संपते.

गाडी उंच करायचीच असेल तर? कमावत्या गाडीला मी नाही म्हणतो. दमलेले पाटे कमान घालून किंवा मूळ मापाचे नवे टाकून घ्या, बुश बदला, शॉक अब्सॉर्बर चांगले घ्या. जुन्या गाडीची बसलेली उंची याने परत मिळते. त्याहून वर उचलली की जॉइंटच्या क्रॉसचा कोन बिघडतो, ब्रेकचे होज ताणले जातात, आणि ती दांडी... माझी गोष्ट तुम्ही वाचलीच आहे.

विंच, लाईट बार, रंग, स्टिकर हे सगळं शेवटी. जादा दिवा लावलात तर वायर रिले आणि फ्यूजमधूनच घ्या. बॅटरीवरून थेट ओढलेली वायर म्हणजे आगीला आमंत्रण. आणि रस्त्यावर तो झाकलेला ठेवा, समोरचा माणूस आंधळा होतो.

गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजचे व्हिडिओ बघून तसं करायचा मोह होतो, कबूल. पण त्या गाड्या स्पर्धेसाठी बांधलेल्या असतात. सोमवारी त्यांना रोपं पोचवायची नसतात.

पायरी ७ : चिखल विकायला शिका

आता धंद्याची खरी गोष्ट. रविवारी तुम्ही जे शिकता ते सोमवारी विकता येतं. पावसाळ्यात बरेच पिकअपवाले मुख्य रस्त्यावर माल उतरवून जातात. पुढचा दोन किलोमीटरचा चिखल गिऱ्हाइकाचा. वाडीवरचं सोलर पॅनेल, डोंगराच्या पोटातल्या प्लॉटवरची रोपं, शेतातल्या विहिरीचा पंप, हे शेवटपर्यंत पोचवणारा माणूस दुर्मिळ आहे. तुमच्याकडे फोर लो आहे, बरे टायर आहेत, आणि कुठे थांबायचं हे कळतं. या कामाचा दर वेगळा ठेवा. बिलावर "बांधापर्यंत पोच" अशी वेगळी ओळ लिहा. गिऱ्हाईक खुशीने देतं, कारण मजूर लावून डोक्यावर वाहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मी दुसऱ्या वर्षी हेच केलं. गाडीवर बंपर नव्हता, लाईट बार नव्हता, पोरं फोटो काढत नव्हती. पण गेलेल्या दोन गिऱ्हाइकांच्या जागी पाच आली, आणि ती सगळी चिखलातली होती.

मौज मात्र जबाबदारीने. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. सड्यांवर, म्हणजे आपल्या जांभ्याच्या पठारांवर, गाडी घालू नका. तिथली माती बोटभर असते आणि फुलं त्या बोटभर मातीवर जगतात. एक चाक फिरलं की ती जागा लवकर भरून येत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान, त्याला विचारून, हे सगळ्यात उत्तम मैदान.

रविवार संध्याकाळ आणि पैशाच्या दोन वह्या

खेळून आल्यावर एक तास गाडीला द्या. खालून पाण्याने धुवा, ड्रममधला चिखल काढा, चाकांचे नट आवळा, होज आणि क्रॉस हात लावून बघा, ग्रीस मारा, टायरची हवा भरा, ब्रेक चारदा दाबून बघा. हा तास नसेल तर रविवारची सहल रद्द. सोमवारी घाटात तुमच्या शेजारी कुणीतरी बसणार आहे.

आणि वह्या दोन ठेवा. एक धंद्याची, एक हौसेची. ब्रेक, टायर, ऑइल, हौदा हे धंद्याच्या वहीत. विंच, लाईट, रविवारचं डिझेल हौसेच्या वहीत, तेही तुमच्या पगारातून. हो, स्वतःला पगार घ्या. प्रत्येक खेपेमागे ठरावीक रक्कम दुरुस्तीच्या डब्यात टाका. आणि कुठलंही काम काढण्याआधी विचारा, "गाडी किती दिवस उभी राहील?" दिवसाला १,८०० रुपये सुटत असतील तर अकरा दिवसांचे १९,८०० होतात. गॅरेजच्या बिलात ते लिहिलेले नसतात, तुम्ही लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक. तुमच्या किंवा घ्यायच्या गाडीच्या आरसीवरचे दोन वजनाचे आकडे लिहा आणि वर केला तसा हिशोब करा.

दोन. तुम्हाला हव्या असलेल्या सगळ्या मॉडिफिकेशनची यादी करा. प्रत्येकीपुढे वजन, खर्च, आणि सोमवारच्या कसोटीचं उत्तर लिहा.

तीन. गाडी असेल तर उद्या सकाळी खाली वाकून ती दांडी शोधा. सापडली नाही तर मिस्त्रींना विचारा. विचारायला लाजू नका. मी लाजलो होतो, आणि त्या घाटात त्याची किंमत माझ्याऐवजी एका एकोणीस वर्षांच्या पोराने मोजली असती.

तो पोरगा आता स्वतःची पिकअप चालवतो. अजूनही माझ्या गाडीत बसला की आधी खाली वाकून बघतो. मी काही बोलत नाही. बरोबरच करतो तो.

यादी तयार झाली की खाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत तीन याद्या घेऊन, पैसा कुठे आधी टाकायचा ते आपण एकत्र ठरवू. तोपर्यंत सावकाश चालवा, आणि घाटात गिअर खाली ठेवा.